बिनपंख्याचा बोर्ड

ऑपरेटरबाईंना पक्षी ऐकू येईनासे झाले ते नेमकं कधीपासून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. हरवलेल्या वस्तूचा निदान दिवस तरी लक्षात राहतो; काल फडताळात होती, आज नाही. आवाज जातो तो चोरपावलांनी. गेला हे दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागतं.

त्यांना ते शेजारच्या शिंपीणकाकूंनी सांगितलं, तेही नकळत. सकाळी दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. काकू कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "काय बाई हा कलकलाट! कान किटले नुसते."

ऑपरेटरबाईंनी वर पाहिलं. पाण्याच्या टाकीवर सात-आठ इवलेसे पक्षी ओळीने बसले होते. चोची उघडत होत्या, मिटत होत्या, गळ्याखालची पिसं थरथरत होती. आवाज मात्र शून्य. बंद काचेपलीकडे कुणी जीव तोडून गात असावं तसं.

"हो ना," बाई म्हणाल्या, आणि हातातला टॉवेल उगाच दोनदा झटकला.

एकतीस वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे आणि दिवसभर परक्या माणसांचे आवाज. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस रडून बोलतोय की जेवून बोलतोय हे त्यांना कळायचं. रूप नाही, पैसा नाही, पण कान आहे, असं त्या स्वतःच हसत म्हणायच्या. त्यामुळे कानाच्या डॉक्टरांकडे त्या एकट्याच गेल्या, घरी भाजी आणायला जाते म्हणून सांगून. डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. ती बरीच लांब सरळ जात होती आणि मग एकाएकी खाली कोसळत होती.

"बोलणं तुम्हाला ठीक ऐकू येतंय," डॉक्टर म्हणाले. "पुढे लागलं तर यंत्र लावू. पण अगदी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज... ते आता यंत्र लावूनही फारसे यायचे नाहीत."

त्या दिवसापासून त्यांना एकच स्वप्न पडायला लागलं. एक्स्चेंजचा तो मोठा हॉल, सगळ्या खुर्च्या रिकाम्या, आणि प्रत्येक दिव्यावर एकेक पक्षी बसलेला. दिवे लागताहेत, चोची उघडताहेत, आणि त्या एकामागून एक वायर जोडताहेत, पण पलीकडून काहीच नाही. भीतीचं स्वप्न नव्हतं ते. उलट फार सुंदर होतं, मऊ पिवळ्या उजेडाचं. म्हणूनच जाग आल्यावर जास्त वाईट वाटायचं.

यजमानांना त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. ते पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे, म्हणून सगळी गल्ली त्यांना नकाशेकाका म्हणे. निवृत्त झाल्यावरही सकाळी उठून खिडकीपाशी टेबल ओढायचे आणि गल्लीबोळांचे नकाशे काढत बसायचे. स्वभावाने भला माणूस, पण अलीकडे दोघांमधलं बोलणं मीठ आणा, दिवा बंद करा, एवढ्यावर आलं होतं. भांडण असं काही नव्हतं. भांडायलाही थोडी ऊब लागते.

बाईंना निवृत्तीनंतर एक वेड लागलं होतं. वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी दुपारी छंदवर्ग भरायचा. तिथे एक म्हातारे रेडिओमास्तर लोकांना तारा जोडायला, कथलाचा डाग द्यायला, छोट्या यंत्रांना प्रोग्रॅमच्या चार ओळींची अक्कल शिकवायला मदत करायचे. बाईंनी तिथे अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा केला होता, आणि माती सुकली की किरकिरणारी एक कुंडी. किरकिर फार झाली तेव्हा काकांनी ती कुंडी शेजाऱ्यांना भेट दिली होती.

पुढच्या शनिवारी त्यांनी मास्तरांना विचारलं, "समजा, एखाद्या माणसाला वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत. तर ते आवाज खाली आणून त्याला ऐकवता येतील?"

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. कोणत्या माणसाला, हे विचारलं नाही. "का नाही? आवाज म्हणजे शेवटी थरथर. जलद थरथरीला संथ करायचं. त्याला एक बोर्ड लागेल. पत्त्यांच्या जोडाएवढा कॉम्प्युटर मिळतो हल्ली, एकाच पाटीवर सगळं."

"कुठला घेऊ?"

"तिथेच तर घोडं पेंड खातं, ऑपरेटरबाई," मास्तर हसले. "एक म्हणता छप्पन निघालेत. दुकानात जा, हातात घेऊन बघा."

तोवर वर्गातल्या बाकीच्यांचे कान टवकारले होते. बारा माणसं आणि तेरा मतं. शेवटी एकाने सगळ्यांचं सार सांगितलं, "घ्यायचाच तर सगळ्यात मोठा घ्या. पुढेमागे कामाला येतो."

सुट्या भागांचं दुकान चपला दुरुस्त करणाऱ्याच्या मागच्या बोळात होतं. जमिनीपासून छतापर्यंत इवलेइवले खण, प्रत्येकावर चिकटवलेला कागद. आत गरम कथलाचा आणि पुठ्ठ्याचा वास. गल्ल्यामागे चाळिशीची एक बाई बसली होती, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पक्ष्यांच्या आवाजांसाठी बोर्ड हवाय, एवढंच बाईंनी सांगितलं, तशी तिने काउंटरवर निळं फडकं अंथरलं आणि सोनाराने दागिने मांडावेत तसे तीन बोर्ड मांडले.

"हा थोरला," ती म्हणाली. "याला काय वाटेल ते सांगा, करतो. पक्ष्याचा आवाज ऐकवला तर नावसुद्धा सांगेल. पण तापतो, म्हणून डोक्यावर पंखा लागतो. हा मधला. थोरल्याचाच भाऊ, जरा सावकाश चालतो. आणि हा धाकटा."

धाकटा म्हणजे अगदीच चिमूट. बाईंच्या करंगळीहून थोडा लांब.

"हा खरं सांगायचं तर कॉम्प्युटरच नाही," दुकानवाली म्हणाली. "याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. एकच काम शिकवायचं, ते तो मान खाली घालून करत राहतो. वीज मिळाली की पापणी लवायच्या आत जागा. थोरला उठायला पाऊण मिनिट घेतो, आळोखेपिळोखे देत. तर काकू, तुम्हाला पक्षी ओळखायचेत की ऐकायचेत?"

प्रश्न सरळ होता, पण बाई पर्सचा पट्टा सारखा करू लागल्या. परक्या दुकानात, परक्या बाईपुढे, आपल्याला ऐकू येत नाही हे म्हणायचं? "ओळखायचे," त्या घाईने म्हणाल्या. "म्हणजे, दोन्ही. एकच की ते."

"एकच नाही," दुकानवाली म्हणाली, पण बाईंनी तोवर थोरल्यावर बोट ठेवलं होतं.

घरी आल्यावर काकांनी पेन्सिल कानामागे खोचून खोका पाहिला. "नाकापेक्षा मोती जड झालाय की. हे काय करणार?"

"पक्ष्यांची नावं सांगणार."

"आणि पक्षी काय करणार मग?"

पण यंत्र चालू झालं तसे काका टेबल सोडून तिथेच बसले. बाईंनी मायक्रोफोन खिडकीबाहेर लांबवला होता. पडद्यावर एकेक नाव उमटायचं, की काका पक्ष्यांच्या जाड पुस्तकात बघून मराठी नाव मोठ्याने वाचायचे. "धोबी! ... पाकोळी! ... वटवट्या! अगं, वटवट्या म्हणे. ओळखीतलं कुणी दिसतंय."

"माझ्याकडे काय बघताय?"

"कुठे बघतोय! पुस्तकात बघतोय."

चार दिवसांत एकोणीस नावं झाली. काकांनी कोरा कागद ताणून बसवला आणि गच्चीचा, टाकीचा, समोरच्या झाडांचा नकाशा काढून कोण कुठे बोलतं ते ठिपक्यांनी दाखवायला सुरुवात केली. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा असा उजळला होता. आणि बाई शेजारी बसून पडद्याकडे बघत होत्या. नाव उमटत होतं, पुसत होतं. खिडकीबाहेर सगळं गप्प होतं. उपाशी माणसाला पदार्थांची नावं वाचून दाखवावीत तसं त्यांना होत होतं.

मग त्यांनी मास्तरांच्या सांगण्यावरून थोरल्याकडूनच आवाज खाली आणायचा प्रयत्न केला. हेडफोन चढवला आणि दचकून काढला. कानात कुणीतरी जड कपाट फरशीवरून ओढत होतं. तो पंख्याचा आवाज होता. एरवी बारीक गूं करणारा पंखा खालच्या पट्टीत आला की राक्षसासारखा घुरघुरत होता. त्यातूनही एकदा कसली तरी शीळ आली, पण उशिरा. पक्षी चोच मिटून, मान वळवून, उडूनही गेला, आणि मग त्याचा आवाज आला. दूरदेशीच्या जुन्या फोनवर असं व्हायचं. दोन्हीकडची माणसं 'हॅलो, हॅलो' करत एकमेकांना चुकवत राहायची.

बाईंनी थोरल्याचं बटण बंद केलं. पंखा मंदावत थांबला.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्या बोळात गेल्या. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दुकानवाली एका खणातले स्क्रू दुसऱ्या खणात निवडून टाकत होती.

"बोर्ड बिघडला का काकू?"

"बोर्ड चांगला आहे. मीच ताकाला आले आणि भांडं लपवलं." बाईंनी पर्स काउंटरवर ठेवली. "मला पक्षी ऐकू येत नाहीत. तुझ्याकडून मला नावं नकोत. आवाज हवेत."

डॉक्टर सोडले तर हे पहिल्यांदाच त्यांनी कुणापुढे तोंडाने म्हटलं होतं. म्हटलं आणि काही झालं नाही. छत कोसळलं नाही. दुकानवालीने स्क्रू बाजूला सारले, दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि धाकट्याला खणातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"मग हा. याला पंखा नाही, पडदा नाही. ऐकेल, खाली आणेल, लगेच तुमच्या कानात टाकेल. मधे रेंगाळणार नाही. माझ्या आईला असा करून दिला होता, तिला दाराची घंटा ऐकू यायची नाही. थोरला परत घेऊ?"

"नको," बाई म्हणाल्या. "तो आता आमच्या ह्यांचा झालाय."

दोन शनिवार गेले. पहिल्या शनिवारी बाईंनी मायक्रोफोनची तार उलटी जोडली आणि दोन तास साप साप म्हणून भुई धोपटली. दुसऱ्या शनिवारी मास्तरांनी त्यांचा हात धरला नाही, फक्त शेजारी बसून राहिले. बाईंनी एकेक डाग स्वतः दिला. कथील वितळून चमकायचं आणि क्षणात गोठायचं. कामाला लागणाऱ्या ओळी मास्तरांकडे होत्या. त्यातले दोन आकडे बाईंनी आपल्या कानाला जुळतील असे बदलले. कोसळणाऱ्या रेघेचा डॉक्टरांचा कागद त्यासाठी त्यांनी टेबलावर उघडा ठेवला होता. मास्तरांनी तो वाचला आणि म्हणाले, "माझी रेघ याहून लवकर पडते, ऑपरेटरबाई. हे जमलं की मलाही एक करून द्या."

सोमवारी सकाळी उजाडताना बाई उठल्या. काका आधीच टेबलाशी होते, पाठमोरे. बाईंनी धाकट्याला चपट्या डबीत बसवलं होतं. डबी खिडकीच्या चौकटीवर ठेवली, मायक्रोफोन बाहेर, हेडफोन कानांवर. बटण दाबलं. खरोखरच पापणी लवली नाही.

आधी काही नव्हतं, म्हणजे नुसती हवा होती. पण ती हवाही पूर्वीची नव्हती. तिच्यात पोत होता, कुणी दूरवर रेशीम उलगडत असल्यासारखा. झाडाची पानं असावीत. मग टाकीवरच्या एका पक्ष्याने चोच उघडली आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, आवाज आला.

बाईंच्या आठवणीतला तो आवाज नव्हता. तो चिवचिवाट नव्हता, किलबिल नव्हती. पाण्याखालून कुणी लाकडी बासरी वाजवावी तसा सावकाश, गोल, खोल आवाज. एवढासा जीव आणि इतका भारदस्त! दुसऱ्याने उत्तर दिलं. तिसऱ्याने मधेच तोंड घातलं. ज्याला लोक कलकलाट म्हणतात त्याच्या आत इतकी वळणं होती, इतक्या जागा होत्या थांबायच्या, की बाईंना वाटलं आपण धडधाकट कानांनीही हे कधी ऐकलं नव्हतं. ही त्या पक्ष्यांची खरी भाषा की आपल्यासाठी केलेला तर्जुमा, कुणास ठाऊक. बाई चौकटीला रेलून उभ्या राहिल्या. समोरची छपरं राखाडीची सोनेरी होत गेली. स्वप्नातल्या हॉलमध्ये एकदम सगळ्या लाइनी जुळाव्यात तसं झालं होतं, आणि त्या जाग्या होत्या.

किती वेळ गेला कळलं नाही. मग त्या आवाजांत एक निराळाच आवाज मिसळला. तो बाहेरून येत नव्हता. जवळ होता, खोलीत. एक सूर, जरा वर, जरा खाली, मधे अडखळून पुन्हा पहिल्यापासून. धीमा आणि थोडासा बेसूर. बाईंनी वळून पाहिलं. काका टेबलावर वाकून रेघ ओढत होते. पट्टी सरकत होती. त्यांच्या पुढच्या दोन दातांमधली फट किंचित दिसत होती आणि ओठ चंबू झाले होते.

बाईंनी हेडफोन काढला. खोली गप्प. चढवला. सूर होता.

तारुण्यात काकांची ही दातांतली बारीक शीळ बाईंच्या डोक्यात जायची. काम रंगात आलं की ते नकळत घालायचे, सुईसारखी टोचणारी, घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरणारी. बाई ओरडायच्या, मग दोघं हसायचे. पुढे कधीतरी ती बंद झाली. बाईंना वाटलं होतं, माणसाचा जीवच कशात रमत नाही आता. निवृत्ती, वय, सगळंच विझत जातं. त्यांनीही मग फार विचारणं सोडलं होतं.

त्या टेबलाजवळ गेल्या. "अहो, ही शीळ तुम्ही पुन्हा कधी सुरू केलीत?"

काका दचकले. शीळ तुटली. "पुन्हा? बंद कधी केली होती?"

"पाच-सहा वर्षं मी ऐकली नाही."

"रोज घालतो की. मला थोडंच कळतं, आपोआप येते." काकांनी पेन्सिल खाली ठेवली. "तूच ओरडायची बंद झालीस. आधी कशी 'दात पाडून हातात देईन' म्हणायचीस. मग एक दिवस गप्प. मी मुद्दाम मोठ्याने घालून बघितली एकदोनदा. तू ढिम्म. मला वाटलं, आता हिला माझ्यावर वैतागायचाही कंटाळा आलाय."

बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या. हेडफोन अजून गळ्यात होता. खिडकीतून ऊन नकाशावर आलं होतं, एकोणीस ठिपक्यांवर. सांगायला तसं फार नव्हतं. शिंपीणकाकू, टॉवेल, भाजीच्या नावाखाली गाठलेला दवाखाना, कोसळणारी रेघ. त्यांनी ते सगळं सांगितलं, स्वप्नसुद्धा.

"एकटी गेलीस," शेवटी ते एवढंच म्हणाले.

"हो."

"मी भाजीबद्दल विचारलंही नाही बघ त्या दिवशी. रिकामी पिशवी दिसली होती मला."

मग काकांनी हात पुढे केला. "दे बघू ते कानातलं. मी इतकी वर्षं काय दिवे लावलेत ते मलाही ऐकू दे."

त्यांनी हेडफोन चढवला आणि शीळ घालायचा प्रयत्न केला. सांगून घातलेली शीळ ती, नुसतीच फुस्स हवा. दोनदा, तीनदा. चौथ्यांदा कुठे एक लांबलचक, रेडकाने हंबरावं तसा आवाज त्यांच्या कानात आला असावा, कारण त्यांचे डोळे गोल झाले आणि ते इतके हसले की टेबलावरची पट्टी खाली पडली. बाईंना त्यातलं काही ऐकू आलं नाही. हसणं मात्र ऐकू आलं.

त्यानंतर सकाळ दोघांची झाली. काका थोरल्याच्या पडद्यापाशी, बाई धाकट्यासह खिडकीत. मधे हेडफोनची देवाणघेवाण. बाई पक्ष्याचा आवाज तोंडाने काढून दाखवायच्या आणि काका पडद्यावरचं नाव सांगायचे. कधी जुळायचं, कधी वाद व्हायचा. वाद झाला की चहा निवायचा.

एकदा, सकाळी सातच्या सुमाराला, झाडामागून एक आवाज आला. तीन पायऱ्या वर, मग एक मोठी घसरण, आणि शेवटी इतकी संथ थरथर की बाईंनी श्वास धरला. "कोण आहे?" त्यांनी खुणेने विचारलं. काकांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा कोरा होता. थोरल्याला नाव सापडत नव्हतं. पंखा फिरत होता, नुसता फिरत होता.

काकांनी तो थांबवला. खुर्ची बाईंच्या शेजारी ओढली. बाईंनी हेडफोनचा एक कान त्यांच्याकडे वळवला, आणि दोघं डोक्याला डोकं लावून ऐकत राहिली. झाडामागे काय होतं ते शेवटपर्यंत दिसलं नाही. ऊन जिन्यापर्यंत आलं तरी ते गातच होतं.